माळावर झाडं लावू नका, खरुचीचं रान उघडंच राहू द्या

मुरमाड (माण, सातारा)

दसरा झाला की दहिवडी-म्हसवड भागातल्या माळांवर खरुच्या उतरतात. खरुची म्हणजे छोटा शिकारी पक्षी. गावात तिला कुणी ससाणा म्हणतं, कुणी शिकरा. पण शिकऱ्यासारखी ती झाडीतून झेपावत नाही. वाऱ्याला तोंड करून ती उघड्या माळावर हवेत एकाच जागी फडफडत थांबते. पंख थरथरत असतात, शेपटीचा पंखा उघडलेला असतो, डोकं मात्र खिळा मारल्यासारखं स्थिर. मग पायऱ्या उतरल्यागत थोडी थोडी खाली येते आणि गवतात झडप घालते. परवा सकाळी तासाभरात मी अशा अकरा झडपा मोजल्या. सात वेळा पंजात काहीतरी होतं, आणि दुर्बिणीतून जेवढे घास ओळखता आले तेवढे सगळे नाकतोडेच होते.

ती याच दिवसांत का येते ते बघा. हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे मध्य आशियात तिकडचा उन्हाळा सरताना किड्यांची रेलचेल असते. पिल्लं नुकतीच उडायला लागलेली असतात आणि नाकतोडा, भुंगेरा ही त्यांना सहज जमणारी शिकार. मग थंडी पडते, किडे संपतात आणि पक्षी दक्षिणेला निघतात. इकडे आपल्या माळावर मृगाच्या पावसानं जमिनीतली अंडी फुटून निघालेले नाकतोडे कात टाकत टाकत भाद्रपद-आश्विनात पंखांचे होतात. तिकडचं ताट रिकामं होतं तेव्हा इकडचं वाढलेलं असतं.

आता मुद्दा. गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीच्या वरच्या उतारावर जेसीबीनं खड्डे पडले आणि तीन-तीन मीटरवर गिरिपुष्पाच्या झाडांची रोपं लागली. सातबाऱ्यावर ती जमीन पोटखराबा, म्हणजे पिकाला नालायक. सरकारी नकाशातही असलं रान पडीक म्हणूनच रंगवतात. पण तिथं कुसळी आणि पवन्या ही गवतं होती, चंडोल जमिनीवर घरटं करत होते. झाडं अजून कमरेएवढीच आहेत, तरी यंदा त्या उतारावर खरुची घिरटायला आलेली मी एकदाही पाहिली नाही. शेजारच्या मोकळ्या माळावर रोज असते.

माझं स्पष्ट मत आहे की गवताळ माळावर ओळीनं झाडं लावणं म्हणजे एक जिवंत रान मोडून दुसरं उभं करणं. ते थांबवावं.

माणदेशी शेतकरी

तुम्ही माळ दुर्बिणीतून बघता, मी तो टँकरच्या रांगेत उभा राहून बघितलाय. २०१३ साली आणि पुन्हा २०१९ ला आमची जनावरं चारा छावणीत होती. पाऊस पाचशे मिलीमीटरच्या आतबाहेर, तोही चार-पाच तडाख्यांत पडून ओढ्यानं निघून जाणारा. गावानं श्रमदान करून उतारावर पाणी अडवणारे चर मारले म्हणून विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी टिकायला लागलं. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं २०१६ च्या वॉटर कप या पाणी अडवण्याच्या गावोगावच्या स्पर्धेत पहिला नंबर मिळवला तेव्हा जिल्ह्यातल्या कितीतरी गावांना वाटलं की आपणही करू शकतो. त्या कामावर एका पक्ष्यासाठी बोट ठेवू नका. खरुची उडून दुसऱ्या माळावर जाईल. आम्ही कुठं जायचं?

मुरमाड (माण, सातारा)

चरावर माझा आक्षेप नाही. आमच्या विहिरीलाही त्याच चरांचं पाणी आहे, आणि त्या श्रमदानात मी सलग १९ दिवस टिकाव घेतलाय. माझं भांडण झाडांच्या ओळींशी आहे. गवत मार्गशीर्षात वाळलं की जमिनीतलं पाणी ओढायचं थांबतं. सुबाभूळ, निलगिरी चैत्र-वैशाखातही खालून ओढत राहतात. पाणी मुरवायचं असेल तर दाट गवताइतका स्वस्त मजूर दुसरा नाही. त्याच्या मुळ्या मुरूम धरून ठेवतात आणि थेंबाचा मार पात्यावर झेलला जातो.

"दुसऱ्या माळावर जाईल" हे मात्र मला पटत नाही. दुसरा माळ कुठला? खाली ऊस, बाजूला प्लॉटिंग, वर पवनचक्क्या. प्रत्येक गाव हेच म्हणतंय.

माणदेशी शेतकरी

नुसता चर दोन पावसाळ्यांत गाळानं बुजतो. भरावाची माती धरायला मूळ लागतंच. म्हणून झाड लावतात, हौस म्हणून नाही.

मुरमाड (माण, सातारा)

भरावावर स्टायलो या चारापिकाचं आणि पवन्याचं बी टाका. दुसऱ्याच वर्षी भराव हिरवा होतो, जनावराला चाराही मिळतो. आमच्या खालच्या टप्प्यावर हेच केलंय, येऊन बघा.

बागायतदार, तासगाव

दोघांच्याही मध्ये पडतो. पक्षी वाचवायला माझा विरोध नाही. पण "खरुची नाकतोडे खाते, म्हणून ती शेतकऱ्याची मित्र" असं या धाग्यावर कुणी म्हणायच्या आधीच सांगतो: ते सिद्ध करणं सोपं नाही. आमच्या द्राक्षाला ऑक्टोबर छाटणीपासून घड उतरेपर्यंत फवारणी सुटत नाही. त्यातली बहुतेक डाऊनी, भुरी, करपा या बुरशींसाठी. खरुचीचा तिथं काय उपयोग? पोटभर किडे खाणारा पक्षी प्रार्थनाकीटकही खातो, चतुरही खातो, म्हणजे आपल्या बाजूचेही. हरभऱ्याला पक्षी थांबे लावायला सांगतात ते मी स्वतः लावतो. त्यांवर कोतवाल आणि साळुंक्या बसतात, घाटेअळी वेचतात, डोळ्यांना दिसतं. खरुची पिकात क्वचित उतरते. तिला उघडं, आखूड गवत लागतं. तेव्हा तिची बाजू घ्यायची तर ती आहे म्हणून घ्या. तिला आमच्या शेतातला गडी बनवून तिची किंमत लावू नका. उद्या कुणी मोजून दाखवलं की तिच्यानं पिकाला दमडीचा फायदा नाही, मग काय तिचं रान विकायचं?

मुरमाड (माण, सातारा)

हे मान्य, मनापासून. फायद्याचा मुद्दा मी आणणार नाही.

गुरुजी, आटपाडी

धागा वाचून वाईट वाटलं म्हणून लिहितो. आमच्या शाळेच्या मुलांनी तीन वर्षांपूर्वी गायरानावर ४०० रोपं लावली. कडुनिंब, करंज, चिंच. उन्हाळ्यात मुलं घरून बाटलीतून पाणी आणून घालायची. त्यातली जवळजवळ निम्मी जगली. सातवीतली एक मुलगी सुट्टीतही रोज संध्याकाळी तिच्या करंजाला पाणी घालायला यायची. झाड लावणं चूक आहे हे मी त्या मुलीला कोणत्या तोंडानं सांगू?

आणि एक विचारतो. अमूर ससाणे तर रात्रीच्या मुक्कामाला हजारोंनी झाडांवरच बसतात ना? नागालँडमध्ये पांगती गावाजवळ, दोयांग जलाशयाच्या काठी, २०१२ साली त्यांची जाळी लावून कत्तल झाली आणि २०१३ ला गावकऱ्यांनीच ती थांबवली. हा धडा मी वर्गात शिकवतो. तिथल्या झाडांनीच त्यांना आसरा दिला. मग झाड पक्ष्याचं शत्रू कसं?

मुरमाड (माण, सातारा)

गुरुजी, तुमचं उदाहरण योग्य आहे, म्हणून ते नीट उलगडतो. अमूर ससाणा जेमतेम दीडशे ग्रॅमचा पक्षी. सैबेरियाच्या आग्नेय टोकापासून आणि उत्तर चीनपासून निघून दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातो. ईशान्य भारतात तो मुक्काम करतो तो वाळवीसाठी. पाऊस संपताना जमिनीतून पंखांची वाळवी ढगासारखी निघते, तिच्यावर तो चरबी चढवतो. मग आपल्या डोक्यावरून निघतो आणि अरबी समुद्र न थांबता ओलांडतो. त्याच दिवसांत आपल्याकडचे चतुरही वाऱ्याबरोबर समुद्रापार आफ्रिकेकडे जातात. वाटेत ससाणे ते हवेतच धरून खातात असं अभ्यासक मानतात. झोपायला त्याला झाड लागतं हे अगदी खरं. पण जेवण उघड्यावरचं. नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्या भागात तो दिसलाच तर तारेवर बसलेला किंवा माळावर भिरभिरत किडे टिपताना दिसेल.

त्या मुलीनं काहीच चुकीचं केलेलं नाही. चूक आम्हा मोठ्यांची, की जागा कुठली ते आम्ही दाखवलं नाही. ओढ्याकाठी, वस्तीभोवती, शाळेच्या आवारात, देवळामागं करंज लावा. माळावर मुळातच एखादा हिवर, एखादी बोर, एखादी बाभळ असते, तीही हवी. खरुची त्यांवर बसतेच. पण तीन मीटरवर एक अशा ओळी उभ्या राहिल्या आणि सावली मिळाली की खालचं कुसळी गवत विरळ होतं. नाकतोड्याच्या अंड्यांना तापलेली उघडी जमीन लागते. आणि खरुचीला वरून ती जमीन दिसावी लागते. पानांतून तिला काय दिसणार?

सड्यावरचा (सातारा)

पवनचक्क्यांचा उल्लेख आला म्हणून आमच्याकडची एक गोष्ट. चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळ पठारावर, झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या पट्ट्यात शिकारी पक्षी बाहेरच्या तुलनेत सुमारे चौपट कमी आढळले. त्याचा परिणाम थेट सरड्यांवर दिसला. गळ्याचा निळा-केशरी पंखा उघडून दाखवणारा सरडा त्या पट्ट्यात जास्त संख्येनं होता, कमी बुजरा होता, पण अंगानं रोडावलेला होता. वरचा शिकारी हलला की खालची सगळी घडी बदलते, ती अशी. चाळकेवाडीचा सडा जांभ्या दगडाचा आणि भरपूर पावसाचा आहे, माणच्या मुरमाडाशी त्याची सरळ तुलना करू नये. तरीही "एक पक्षी गेला तर काय झालं" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

माझी तक्रार मात्र उलट्या बाजूची आहे. झाडांवर एवढं बोललात, वणव्यावर कुणीच का बोलत नाही? आमच्याकडे माघ-फाल्गुनात डोंगर पेटतात. "जुनं गवत जाळलं की नवं चांगलं फुटतं" म्हणून लोक लावतात. त्यात चंडोलाची अंडी जातात, सरडे जातात, किडे जातात. झाडांच्या ओळींपेक्षा आग कितीतरी वेगानं माळ संपवते. आधी तिचं बोला.

मेंढरामागं (जत, सांगली)

आमी मेंढरं राखणारी माणसं, म्हणून बोलतो. आग आमी लावतो असं सगळे म्हणत्यात. कोण लावत बी असंल, पण माझ्या बापानं कधी लावली न्हाई. वाळलेलं गवत हेच उन्हाळ्यात मेंढराचं खाणं, ते जाळून आमी काय चारायचं?

माळावर झाडं लावली की पयल्यांदा कुंपण येतं. तीन वर्सं आत जायचं न्हाई म्हणत्यात. कुंपणातलं गवत कमरेएवढं वाढतं, वाळतं, आन एक ठिणगी पडली की झाडासकट सगळं जळतं. आमच्या हिकडं दोन येळा झालंय. मेंढरू फिरलं तर गवत आखूड राहतं, आग लांबवर जात न्हाई. आन ही तुमची खरुची मेंढराच्या कळपामागं बी फिरती. मेंढरं चालली की नाकतोडं उडत्यात, ती वरनं धरती. ल्हानपणापास्नं बघतोय. ज्याला माळ वाचवायचाय त्यानं आमाला बी इचारा.

सड्यावरचा (सातारा)

कळपामागची खरुची मीही पाहिली आहे, बगळ्यांबरोबर. कुंपणातल्या आगीबद्दल मी असा विचार केलाच नव्हता. आगीबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे, पण ती राखणाऱ्यांच्या माथी मारणं चूक.

मुरमाड (माण, सातारा)

मेंढरामागं, धन्यवाद. मेंढरांची संख्या फार झाली तर गवत मुळासकट जातं, तेही माझ्या डोळ्यांसमोर झालंय. पण कुंपणापेक्षा फिरता कळप बरा, यात मला शंका नाही. तुम्ही पूर्वी कोणता माळ कोणत्या महिन्यात सोडून देत होता, ते सविस्तर लिहाल का?

मेंढरामागं (जत, सांगली)

दिवाळी झाली की आमचा वाडा, म्हंजी मेंढरं आन बिऱ्हाड, कोकणच्या वाटंला लागायचा. त्या वाटंवरचा माळ तेवढ्या महिन्यात मोकळाच. आता वाटंत ऊस आन तारा. जमंल तसं लिवतो.

माणदेशी शेतकरी

सगळं वाचलं. माझं मत बदललेलं नाही. पाणी पहिलं, बाकी सगळं नंतर. झाड पाणी ओढतं की मुरवतं यावर मी आयुष्यभर दोन्ही बाजूंनी ऐकत आलोय आणि प्रत्येकजण छातीठोक बोलतो.

पण एक करतो. आमच्या शिवारात दोन उतार आहेत, साधारण एकाच मापाचे, खाली प्रत्येकी एक विहीर. दोन्हींवर चर आहेत. पुढच्या पावसाळ्यात दक्षिणेकडच्या उतारावर ठरल्याप्रमाणे रोपं लागतील, ग्रामसभेचा ठराव झालेला आहे, तो मी मोडणार नाही. उत्तरेकडच्या उतारावर झाडं लावत नाही, भरावावर स्टायलो आणि पवन्या टाकतो. बी कुठं मिळेल ते मुरमाड यांनी सांगावं. दोन्ही विहिरींच्या काठाला फुटांच्या खुणा रंगवून ठेवल्यात. दर अमावस्येला पातळी लिहून ठेवीन, माझ्या उपशाच्या तासांसकट. खरुच्या मोजायचं काम तुमचं. गुरुजींची मुलं आली तर त्यांच्या जेवणाची सोय माझ्याकडं.

मुरमाड (माण, सातारा)

पवन्याचं बी आमच्याच माळाचं देतो, कार्तिकात पिकतं, झोडून पोतं भरून ठेवतो. मोजणी याच रविवारी सुरू करू, रोपं लागायच्या आधीचा एक हंगाम हातात असलेला बरा. सात वाजता उत्तरेकडच्या विहिरीवर येतो. ऊन चढलं, वारा सुटला की ती उठते.

गुरुजी, आटपाडी

आम्ही नऊजण येऊ. करंजवाली मुलगीही आहे. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.