रिटुक्सिमॅबनंतर बी-पेशी शून्य, तरी अँका पॉझिटिव्ह: सल्ला हवा

नमस्कार. माझ्या आईला (वय ६१) ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस, म्हणजे लहान रक्तवाहिन्यांचा स्वयंप्रतिकारजन्य दाह, असल्याचे निदान झाले. रिटुक्सिमॅब या बी-पेशी नष्ट करणाऱ्या औषधाची चार इन्फ्युजन (शिरेतून दिलेले डोस) होऊन तीन महिने झाले असून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड हळूहळू कमी करत आहेत. लघवीतून रक्त जाणे थांबले आहे आणि बी-पेशी (ज्यांच्यापासून प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी तयार होतात त्या पांढऱ्या पेशी) शून्यावर आल्या आहेत. मात्र पीआर३ अँका (या आजारात स्वतःच्याच पांढऱ्या पेशींवर उलटणारी प्रतिपिंडे) अद्याप पॉझिटिव्ह आहे. औषध लागू पडले नाही, असे समजावे का? पुढच्या भेटीत डॉक्टरांना काय विचारावे?

प्रतिसाद १
मी डॉक्टर नाही, याच आजाराचा जुना रुग्ण आहे. रिटुक्सिमॅब ज्या सीडी२० खुणेला धरते ती बी-पेशींवर असते. अस्थिमज्जेत ठाण मांडून प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर ती नसते. त्यामुळे बी-पेशी नाहीशा होऊनही अँका रेंगाळू शकते, आणि केवळ तेवढ्यावरून उपचार फसले असे कोणी म्हणत नाही. लघवीची तपासणी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) अधिक बोलके असतात.

खरी काळजी पुढची आहे. बी-पेशींना जगवणारा बॅफ नावाचा संदेशवाहक रेणू वापरायला कोणी उरत नाही, म्हणून रक्तातील त्याची पातळी वाढते. काही महिन्यांनी नव्या बी-पेशी येतात तेव्हा हे आयते खाद्य मिळाल्याने, एरवी गाळल्या गेल्या असत्या अशा स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या पेशीही तगून जाण्याचा संभव असतो. म्हणून आजार उलटू नये यासाठीच्या देखभालीच्या डोसबद्दल अवश्य विचारा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील चाचणीत २८ महिन्यांत आजार गंभीरपणे उलटण्याचे प्रमाण ॲझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधावर २९ टक्के, तर रिटुक्सिमॅबच्या ठरावीक डोसवर ५ टक्के होते.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत. भर एवढीच, की आयजीजी या रक्तातील मुख्य प्रतिपिंडाची पातळी तपासली आहे का ते पाहा, कारण ती घसरली तर वारंवार जंतुसंसर्ग होतो. न्यूमोसिस्टिस या बुरशीमुळे होणारा न्यूमोनिया टाळण्यासाठी को-ट्रायमॉक्साझोल हे सल्फायुक्त औषध चालू आहे का, हेही विचारा. सल्फाची ॲलर्जी असल्यास आधी सांगा. जिवंत जंतूंच्या लसी सध्या वर्ज्य आहेत. इतर लसी चालतात, पण बी-पेशी नसताना प्रतिपिंडे फारशी तयार होत नाहीत, म्हणून पुढच्या डोसच्या आधी त्यांची वेळ ठरवून घ्यावी. आणि प्रेडनिसोलोनवर पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या तर लगेच घाबरू नका: वाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेले न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) सुटून प्रवाहात आले की मोजणी वाढते. ताप असेल तर मात्र थांबू नका.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. फाईल चाळली; आयजीजीचा रिपोर्ट त्यात नाही. सोमवारी तोच प्रश्न पहिला विचारते.