सोलरचे रोजगार: ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाना हवा की छपरं भरायला हवीत?

रबाळेकर
सोलर पॅनलचे मोठे कारखाने मुंद्रा, नवसारीजवळचं चिखली, तिरुनेलवेली इथे गेले. आपल्याकडे न्हावा-शेवा बंदर हाकेच्या अंतरावर आणि आयटीआय झालेली पोरं घरोघरी. तरी एमआयडीसीतले जुने प्लॉट डेटा सेंटरला चाललेत. ती वीज भरपूर खातात, माणसं मोजकीच लावतात. माझं म्हणणं, रबाळे-महापे भागातल्या काही शेड मॉड्यूल, म्हणजे पॅनल, जोडणीसाठी राखून ठेवाव्यात. सेल (उन्हातून वीज करणाऱ्या सिलिकॉनच्या चकत्या) तारेने ओवायचे, काच, ईव्हीए (चिकटवणारा प्लास्टिकचा पापुद्रा) आणि बॅकशीट (मागचं आवरण) यांचे थर लावायचे, दीडशे अंशांच्या आसपास तापवून-दाबून लॅमिनेट करायचं, फ्रेम आणि तारांचा जंक्शन बॉक्स बसवून फ्लॅश टेस्ट घ्यायची, म्हणजे प्रकाशाचा झोत टाकून वीज मोजायची. धूर नाही, रसायनंही फारशी नाहीत.

तळोजा फेज २
रबाळेकर, जोडणी आता जवळपास सगळी यंत्रावर होते, आणि इथला जागेचा भाव त्यात निघणार नाही. खरी अडचण सेलची आहे. १ जून २०२६ पासून सरकारी मंजूर यादीतलेच सेल वापरायची अट आहे, म्हणजे ज्याच्याकडे सेल त्याच्याकडे धंदा. पण सेल बनवायला हवेत पेट घेणारा सिलेन वायू, हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि अतिशुद्ध पाणी लागतं. सांडपाण्यातला फ्लोराइड चुना घालून खाली बसवावा लागतो, मग त्या गाळाची विल्हेवाट. रस्त्यापलीकडे वस्ती असलेल्या पट्ट्यात हे नकोच. सेल कारखाना राज्यात जरूर आणा, पण पाणी आणि मोकळी जमीन असेल तिथे.

मीटरजोडणी
कारखान्याची वाट कशाला बघायची? काम डोक्यावरच पडलंय. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक विजेसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, ५०० किलोवॅटपर्यंत. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. वाशी-नेरूळच्या चार मजली सोसायट्यांचं यात नक्की भागतं.

घोडबंदर रोड
वाशीचं ठीक आहे. आमच्याकडे तीस मजली टॉवर, गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टरूमची सावली. फ्लॅटमागे अर्धा किलोवॅटही बसत नाही. टीटीसीतल्या (ठाणे-बेलापूर पट्ट्यातली एमआयडीसी) जुन्या शेडवर सिमेंटचे पत्रे आहेत. पॅनल आणि रेल मिळून चौरस मीटरला १२ ते १५ किलो भार, वर बसवणाऱ्यांचं वजन. असा पत्रा पायाखाली फुटतो आणि माणूस खाली जातो. आधी प्रोफाइल (स्टीलचा नागमोडी) पत्रा टाका, मग सोलर, आणि तो खर्च कुठल्याच अनुदानात धरलेला नाही. शिवाय १०० किलोवॅटचं काम म्हणजे ५५० वॅटची १८२ पॅनल. टोळी ती काही आठवड्यांत बसवून मोकळी. पुढे त्या पोराने काय करायचं? याला नोकरी म्हणू नका.

मीटरजोडणी
पत्र्याचं म्हणणं शंभर टक्के मान्य, तो खर्च आधीच धरायला हवा. पण काम संपतं हे खरं नाही. खाडीची खारी हवा आहे. जागेवर कापलेल्या गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) पाइपच्या टोकाला झिंकचा रंग दिला नाही, तर तिथूनच गंज धरतो. स्क्रूखाली ईपीडीएम रबराचा वॉशर नसेल तर पत्रा पहिल्याच पावसात गळतो. सगळ्यात घातक म्हणजे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे एमसी-४ कनेक्टर (पॅनलच्या तारा जोडणारे प्लग) एकमेकांत बसवणं. क्लिक आवाज येतो, बसलं असं वाटतं, पण आत पिनांची पकड सैल राहते. जागा तापते आणि ठिणगी धरते. पॅनलमधला डीसी प्रवाह घरातल्या एसीसारखा सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत नाही, त्यामुळे ती ठिणगी आपोआप विझत नाही. हे सगळं दरवर्षी तपासणारी माणसं हवीत, आणि पॅनल २५ वर्षं टिकतं.

घोडबंदर रोड
मग अनुदानात ५ वर्षांच्या देखभालीची अट आहेच, ती नीट पाळायला लावा आणि तिच्यात दरवर्षीची थर्मल कॅमेऱ्याची (तापलेली जागा दाखवणारा) तपासणी घाला. आज सोसायटी सगळ्यात स्वस्त कोटेशन उचलते आणि स्वस्तातला कंत्राटदार नेमकी देखभालच गाळतो. अट पाळली गेली तरच पगार महिन्याचा होईल.

रबाळेकर
जोडणीच्या शेडचा हट्ट सोडतो. पण इन्व्हर्टर दुरुस्ती, डीसी बॉक्स आणि स्ट्रक्चरची कामं तरी याच पट्ट्यात ठेवा. पत्रे वाकवणारे, विजेचे स्विच बोर्ड बांधणारे लघुउद्योग इथे आजही आहेत. त्यांना गाळा मिळाला तर माल पुण्याहून मागवावा लागणार नाही.

तळोजा फेज २
याला माझा विरोध नाही. फक्त गाळ्याचं भाडं डेटा सेंटरच्या भावाने लावू नका.