सकाळची धार काढून निघा, संध्याकाळच्या धारेले घरी : एका दिवसाच्या फिरण्याचे अनुभव सांगा

दर्यापूर तालुका

मंडळी, आमच्या घरी दोन म्हशी अन् एक गाय, म्हणजे मुक्कामाचं फिरणं आमच्या नशिबातच नाई. सकाळी धार काढायची, दूध डेअरीवर घालायचं अन् निघायचं, संध्याकाळी म्हशी हंबरायच्या आत परत. शेजाऱ्याले सांगून जाता येते पण शेजारी वर्षातून एकदा ऐकते, दर महिन्याले थोडीच ऐकणार. तर मी अन् घरची, गाडीवर, जमेल तसं महिन्यातून एक दिवस काढतो. लोक म्हणतात विदर्भात पाहायले काय आहे. पुण्या-मुंबईचा पाहुणा म्हणाला तर समजते, पण आपल्याच गावचा माणूस म्हणते तवा डोकं फिरते.

आमचं जास्त जाणं चिखलदऱ्याले. पण पावसाळ्यातल्या रविवारी परतवाड्याच्या पुढं घाटात गाड्याच गाड्या, म्हणून आता मधल्या वारीच जातो, शेतकऱ्याले कुठचा रविवार आला. भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल हे सगळे करतात, फोटो काढतात, कॉफी पितात अन् खाली उतरतात. गाविलगड तेवढा सोडून देतात. अरे बापा, त्या किल्ल्यासाठी 1803 मध्ये इंग्रज अन् भोसल्यांची लढाई झाली, दरवाज्यावर गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचा पक्षी, कोरलेलं आहे, अन् आत तुम्ही अन् ढग, बाकी कोणी नाई.

नरनाळा किल्ला मले त्याहून आवडते. अकोटच्या वर, पायथ्याशी शहानूर. महाकाली दरवाज्यावरचं कोरीवकाम पाहाल तर म्हणाल हे आपल्या अकोल्या जिल्ह्यात आहे? वर सक्कर तलाव आहे, मोठी तोफ आहे. भाग मेळघाटच्या जंगलाचा, म्हणून गेटवर नोंद करा लागते अन् टायमात खाली या लागते, ते आमच्या म्हशींच्या टायमाशी बरोबर जुळते 😄

तुम्ही सगळे कुठी जाता, कसे जाता, परत कसे येता, ते लिहा. हॉटेलचे रेट नका सांगू, रायचंच नाई.

मेहकरकडची, बचत गटवाली

आमचं सगळं एसटीवर. मार्च 2023 पासून बायांले अर्धं तिकीट झालं अन् आमच्या गटाचं फिरणं सुरू झालं, त्याच्या आधी माहेर, दवाखाना अन् लग्न सोडून कोणी स्टँडवर पाय ठेवत नव्हतं. सासूबाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या, त्यांले तर फुकट, त्याच सगळ्यांच्या आधी पिशवी घेऊन तयार राह्यतात.

पयले लोणार केलं. जवळ आहे पण आमच्यातल्या निम्म्या बायांनी पाह्यलंच नव्हतं! दुनियेतून लोक येतात, आकाशातून दगड पडून काळ्या पाषाणात एवढा खड्डा झाला, जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंद, अन् आम्ही तिथून तासाभरावर भाकरी थापत बसलेलो. 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं होतं तवा टीव्हीवर पाह्यलं. पाणी खारं अन् हाताले साबणासारखं बुळबुळीत लागते. खाली कमळजा देवीपर्यंत उतरणं सोपं, चढतानी जीव निघते, म्हणून सकाळीच उतरा अन् प्यायचं पाणी सोबत घ्या. म्हाताऱ्या माणसाईनं काठावरून पाहावं, मंग गोमुखाची धार, दैत्यसूदनाचं मंदिर अन् झोपलेला मारुती करावा. दैत्यसूदनाचं कोरीवकाम पाहायले वेळ ठेवा, आम्ही बाहेरच्या भिंतीपाशीच लय वेळ उभ्या होतो.

मंग सिंदखेडराजा. 12 जानेवारीले जिजाऊंची जयंती, त्या दिवशी पाय ठेवाले जागा नसते, पाहायचं असलं तर दुसऱ्या दिवशी जा. लखुजीरावांची समाधी एवढी मोठी आहे की एका गटवालीनं इचारलं हा वाडा का. मोती तलाव पाहा, त्याच्याकडं लोक जात नाईत.

डबा घरचाच, धपाटे अन् ठेचा. घरी आल्यावर स्वयंपाक कोण करते हे मात्र इचारू नका, माणसं म्हणतात फिरून आल्या ना आता ताज्या झाल्या असाल, चहा टाका.

चंद्रपूरकडचा, मूल रोड

आमच्याकडे म्हटलं की सगळे ताडोबाच इचारतात. भाऊ, जिप्सी, गाईड, गेटची फी, सगळं मिळून आमच्यासारख्याचं बजेट एका सकाळीत संपते. अन् खरं सांगू का, आमच्या धुऱ्यावर वाघ फुकटात येऊन रायला, रात्री ओलित करायले जाताना पोट गोळा होते. पैसे देऊन पाहायची हौस बाहेरच्याले असते. तरी पाहुणे आलेच तर नेतो, फक्त मंगळवारी कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, बंद राह्यते अन् पावसाळ्यात तीन महिने तर नाईच, हे आधी सांगून ठेवतो.

स्वतःसाठी जातो ते मार्कंड्याले. चामोर्शीकडून गेलं की वैनगंगेच्या काठावर देवळं. नदी तिथं उत्तरेकडं वाहते म्हणून मान मोठा. महाशिवरात्रीच्या जत्रेत आजीसोबत लहानपणी जायचो, तवा खेळण्याशिवाय काई दिसलं नाई. आता आडदिवशी जातो अन् एकेक मूर्ती पाहात फिरतो. लोक याले विदर्भाचं खजुराहो म्हणतात, मले ते पटत नाई, आपल्या जागेले आपलं नाव आहे ना.

दुसरं भद्रावती. एका गावात बौद्ध लेणी, पार्श्वनाथाचं जैन मंदिर अन् भद्रनागाचं देऊळ, तिन्ही अर्ध्या दिवसात होतात. विजासनच्या लेणीत आत जातानी टॉर्च ठेवा, मोबाईलची बॅटरी कामाची नाई.

पवनी, शिक्षक

मी रविवारी घरची आणि शेजारची पोरं घेऊन निघतो. पवनीला जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये उत्खनन झालं आणि बौद्ध स्तूप सापडला. मी पोरांना मोठ्या उत्साहाने नेलं, त्यांनी दोन मिनिटं विटा पाहिल्या आणि विचारलं सर गोसेला कधी जायचं. गोसेखुर्द धरणाला 33 दरवाजे, पावसाळ्यात उघडले की आवाजाने बोलणं ऐकू येत नाही, त्यापुढे माझा इतिहास काय टिकणार! आमची आई मात्र तिकडे येत नाही. तिचं माहेर त्या पाण्याखाली गेलं, पिकनिक पिकनिक काय करता म्हणते. तिला आम्ही आंभोऱ्याला नेतो, चैतन्येश्वराचं दर्शन होतं, नद्यांचा संगम दिसतो आणि आता तिथे मोठा पूल झाला, वर काचेची गॅलरी आहे. आई म्हणाली वरून कशाला पाहायची नदी, खाली उतरून पाय धुवायचे असतात. आणि उतरली.

वर्धा जिल्हा

सेवाग्राम अन् पवनार, एका दिवसात दोन्ही आरामात. बापूकुटी मातीची, गांधीजी 1936 ले सेवाग्रामले राहायले आले, उन्हाळ्यात आत गेलं की बाहेरच्या स्लॅबच्या घराची लाज वाटते. पवनारले धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम, शेत खणतानी निघालेल्या जुन्या मूर्ती तिथं ठेवल्या आहेत, राम-भरत भेटीची पाहाच. वर्ध्याहून गोरसपाक बिस्किटं घेतल्याशिवाय घरी येऊ नका, पोरं दारातच पिशवी तपासतात.

अकोला, नाव नको

सगळं ठीक आहे, पण मार्च ते पाऊस पडेपर्यंत कोणाले फिरायले सांगू नका. 45 डिग्रीत कोणता किल्ला अन् कोणतं सरोवर. आमचा सीझन पोळ्याच्या आसपास एक, सोयाबीन निघाल्यावर एक, अन् तूर सोंगायच्या आधी एखादा. बाकी झाडाखाली बाज टाका.

मूर्तिजापूरहून एक प्रश्न

वडलांचे गुडघे गेले आहेत, पायऱ्या नाई चढत. पण घरात बसून चिडचिड करतात. कुठी नेऊ?

दर्यापूर तालुका

रामटेकले न्या, तुमच्याकडून दूर पडेल पण रेल्वेनं नागपूर अन् तिथून पुढं गाडी करा. गडमंदिराच्या बऱ्याच वरपर्यंत रस्ता जाते, मंग थोड्याच पायऱ्या. खिंडसी तलावावर तर गाडी काठालेच उभी राह्यते. नाईतर शेगाव आहेच, दर्शन करून स्टेशनवर कचोरी खाऊ घाला. नरनाळ्याले मात्र नेऊ नका, ते म्हणतील मी चढतो अन् अर्ध्यात बसतील.