एफवायच्या पोरांना सायकॉलॉजीचे प्रयोग कसे शिकवायचे?

घोडबंदरवाली: ठाण्यात एफवायबीएला शिकवते, दुसरंच वर्ष. वर्गात ऐंशी पोरं, निम्मी कल्याण-डोंबिवलीहून लोकलने धडपडत येतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, मॅडम तुम्ही मनातलं ओळखता का? लॅब नाही, पुस्तक इंग्रजीत, पोरं व्याख्या पाठ करून मोकळी होतात. काय करू?

वाशीकर: लॅबची वाट बघू नका. स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९३५चा प्रयोग मराठीत घ्या, ‘लाल’ हा शब्द निळ्या स्केचपेनने लिहायचा आणि शब्द न वाचता नुसता शाईचा रंग सांगायचा, मोबाईलवर वेळ लावा, आधी साधे रंगीत ठिपके, मग शब्द. माझ्याकडे मराठी मीडियमची एक मुलगी कधी तोंड उघडायची नाही, ती म्हणाली, सर, शब्द इंग्रजीत असले तर मी कमी अडखळेन का? अहो हाच तर हायपोथिसिस, म्हणजे प्रयोगाने तपासायचा अंदाज! लगेच बोर्डावर लिहिला, पुढचा अख्खा तास त्यावरच गेला.

ऐरोली_टीचर: एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाचंही करून बघा, त्याने निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःचंच विसरणं मोजलं, १८८५ साली छापलं. मी तशीच यादी देते आणि आठवड्याने परत विचारते, घोकलेलं किती उडालं ते पोरांनाच दिसतं. आणि डिप्रेशन शिकवताना कोणी स्वतःचं सांगायला लागलं तर सगळ्यांसमोर खोदू नका, बाजूला घेऊन ऐका, काउन्सेलरकडे न्या, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ बोर्डावर कायम ठेवा.

घोडबंदरवाली: खूप आभार, सोमवारी स्केचपेन घेऊनच जाते.