आधी दिवस मोजा, मग वजन

कमी वजनाच्या बाळाचं वजन भरलं की मेंदूची वाढही आपोआप मार्गाला लागते असं म्हणतात, पण ते अर्धंच खरं. बाळ दिवसांआधी आलंय की पूर्ण दिवसांचं असून बारीक आहे, हे आधी बघायला हवं. देवगडची माझी भाची ३२व्या आठवड्यात झाली, वजन जेमतेम दीड किलो. आठव्या महिन्यात हात टेकल्याशिवाय बसेना, तशी वाडीत कुजबुज सुरू. ती जवळपास दोन महिने आधी आली होती, म्हणून डॉक्टरांनी वयातून सरळ तेवढे वजा केले. सुधारित वय, म्हणजे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेलं, सहा महिने; मग हात टेकून बसणं ठीकच की! साधारण दोन वर्षांपर्यंत असाच हिशोब धरतात.

पूर्ण दिवसांच्या बारीक बाळाला मात्र ही सूट नाही. तिथे ‘आमच्याकडची पोरं अशीच किडकिडीत’ म्हणत (आज्यांचं लाडकं वाक्य!) थांबू नये. चौथ्या-पाचव्या महिन्यातही मुठी सतत आवळलेल्या, किंवा वर्षाच्या आत कायम एकाच हाताने खुळखुळा धरणं दिसलं, तर बाळाला लगेच दाखवा. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात यासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं (वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी) आहेत, तपासणी मोफत.