'टेक द रेन्स' म्हणजे लगाम घेणे का?

चहाबाज:
मंडळी मदत हवीये. आमचे मॅनेजर सोडून चाललेत, काल मोठ्या साहेबांची मेल आली की सोमवारपासून टीमचे 'रेन्स' तू घे. मी आधी पावसाचंच काहीतरी वाचलं :) डिक्शनरीत बघितलं तर लगाम निघाला. पण आपल्याकडे लगाम घालणे म्हणजे आवर घालणे ना, मग मी कोणाला आवरायचंय? आणि हे प्रमोशन आहे की नुसतं काम वाढलं?

निवांत_मास्तर:
सूत्रं हाती घे, एवढाच अर्थ. घोड्याच्या तोंडातल्या लोखंडी कडीला इंग्रजीत 'बिट' म्हणतात आणि स्वाराच्या हातातल्या पट्ट्यांना 'रेन्स', आपण सगळ्यालाच लगाम म्हणून मोकळे होतो, तिथे घोळ होतो. तुम्ही म्हणताय ते आवर घालणं म्हणजे 'रेन इन'. जेआरडींनी १९९१ला टाटा सन्सची सूत्रं रतन टाटांकडे सोपवली, तसं सोपवणं असेल तर 'हँड ओव्हर द रेन्स'. आणि उत्तर लिहिताना स्पेलिंग सांभाळा हो, मधे 'जी' घुसला की राज्य करणं होतं, 'फ्री रेन' (म्हणजे मोकळीक) लिहिताना तर भलेभले इंग्रजही तो 'जी' घालतात.

बांधावरून:
मला तर धुरा हा शब्द जास्त आवडतो. धुरा म्हणजे मुळात गाडीचं जू, म्हणून ती खांद्यावर घ्यायची असते, पेपरवाले बिनदिक्कत 'धुरा हाती घेतली' छापतात ते वाचून डोकं फिरतं. म्हणजे बघा इंग्रजांचा माणूस वर बसून दोऱ्या ओढतो आणि आपला स्वतःच बैलाच्या जागी उभा राहतो 😀

ऑरेंजसिटी:
आमच्याकडे विदर्भात धुरा म्हणजे शेताचा बांध, त्याच्यावरून भावाभावात कोर्टकचेऱ्या होतात, तो कोणी खांद्यावर घेत नाही बाप्पा. बैलांची दोरी म्हणशील तर कासरा.

निवांत_मास्तर:
@बांधावरून, 'हाती घेतली' आता रूढ झालंय, सोडून द्या. बोटीवरून आलेलं 'टेक द हेल्म' पण चालतं, हेल्म म्हणजे सुकाणू, पण ते सहसा अख्खी कंपनी किंवा पक्ष वगैरे असेल तर, पाच जणांच्या टीमला जरा जास्तच होईल.

चहाबाज:
धन्यवाद सगळ्यांना. पाच नाही, चारच जण आहेत. साहेबांना विचारलं, डेजिग्नेशन तेच आणि पगाराचं एप्रिलमध्ये बघू म्हणाले.

बांधावरून:
मग जूच आहे ते.