मदत हवी आहे: १९०२ च्या हुकुमाची साधनं कशी पारखायची?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय इतिहास. प्रकल्पासाठी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा हुकूम घेतलाय. संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के मागासलेल्या वर्गांतून भरा, तो. हुकूम निघाला हे शाळेपासून ऐकत आलोय. कचेऱ्यांमध्ये तो पाळला गेला का, हे मला बघायचंय. साधनं जमलीत, पण कशावर किती भिस्त ठेवायची तिथे अडलेय.

हुकुमाचा म्हणून एक फोटो दर जूनमध्ये जयंतीच्या सुमारास सगळ्या ग्रुपवर फिरतो. मागे पिवळट कागद, खाली महाराजांची सही. मोठा करून बघितला तर अक्षरं चक्क कॉम्प्युटरची, आणि गॅझेटचा अंक, पान काहीच नाही. शिवाय त्या जुलैत महाराज विलायतेत होते, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी. बादशहाच्या आजारपणामुळे तो समारंभ लांबला आणि ९ ऑगस्टला झाला. मग ही सही आली कुठून?

अण्णासाहेब लठ्ठ्यांनी लिहिलेलं महाराजांचं इंग्रजी चरित्र वाचतेय. ते १९२४ चं, म्हणजे महाराज गेल्यावर दोनच वर्षांनी आलेलं. लठ्ठे स्वतः संस्थानच्या शिक्षण खात्यात होते आणि १९२५ पासून दिवाण. इतक्या जवळच्या माणसाचं लिहिणं पुरावा धरायचं की नाही? उलट बाजूला १९०१ चे केसरीतले वेदोक्तावरचे, म्हणजे महाराजांच्या घरचे विधी वेदमंत्रांनी व्हावेत की नाही या वादावरचे, अग्रलेख. ते तर उघड विरोधातले. १८९४ साली संस्थानच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते, हा आकडा मला पुस्तकामागून पुस्तकात सापडतोय, अगदी त्याच शब्दांत.

आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात महाराज चहा प्यायला थांबायचे ही गोष्ट. आमच्या गल्लीतल्या आजोबांकडून मी ती रेकॉर्ड करून घेतली. मार्गदर्शक सर म्हणतात, ऐकीव आहे, काढून टाक. मला ती काढवत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, विषय झकास घेतलाय. फोटो बाजूला ठेवा, पण सहीच्या मुद्द्यावरून हुकुमावरच शंका घेऊ नका. हुकूम करवीर गॅझेटमध्ये, म्हणजे संस्थानच्या राजपत्रात, छापून आला, तो अंक स्वतः बघा आणि पान क्रमांकासह नोंदवा. संस्थानिक परदेशात असला तरी त्याच्या नावाने दरबार हुकूम काढत असे. फोटो कोणी नंतर बनवला असला तरी मूळ हुकूम त्यामुळे खोटा ठरत नाही.

आता मुख्य गोष्ट. गॅझेट अस्सल असलं तरी त्यातून काय फर्मावलं एवढंच कळतं. कचेरीत काय झालं, ते नाही. पण हुकूम शेवटपर्यंत वाचलात तर वाट तिथेच सापडेल. त्यात म्हटलंय की प्रत्येक खातेप्रमुखाने नव्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सादर करावा. म्हणजे हुकूम पाळला गेला असेल तर ते तक्ते, निदान त्यांचे उल्लेख, दप्तरात असायला हवेत. ते शोधा. नाही सापडले तरी प्रकल्पात लिहा. मात्र 'तक्ते मिळाले नाहीत' आणि 'तक्ते पाठवलेच नाहीत' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागासलेले कोणाला म्हणायचं तेही हुकुमात आहे: ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. आजच्या याद्या डोक्यात ठेवून तक्ते वाचाल तर मोजणी चुकेल.

लठ्ठे आणि केसरी दोन्ही ठेवा. जवळच्या माणसाने केलेल्या कौतुकापेक्षा त्याने दिलेली अडचणीची माहिती जास्त कामाची. विरोधकाचंही तसंच. 'अमक्याला लायकी नसताना जागा दिली' अशी तक्रार कुठे सापडली तर लायकीबद्दलचं मत सोडून द्या, पण नेमणूक झाली याची ती भक्कम साक्ष, कारण ते कबूल करण्यात तक्रारदाराचा काहीच फायदा नव्हता. ७१ पैकी ६० हा आकडा दहा पुस्तकांत असला तरी सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून उचलला असेल तर साक्षीदार एकच. मुळापर्यंत जा.

प्रतिसाद २

चहाची गोष्ट काढू नका, फक्त जागा बदला. गंगाराम कांबळ्यांचं हॉटेल हा अस्पृश्यता निवारणाचा भाग, १९०२ च्या नोकरभरतीचा पुरावा नव्हे. पण कोल्हापूरकरांनी महाराजांची काय आठवण जपली, या प्रकरणात ती हक्काने बसते. आजोबांचं वय, त्यांना कोणी सांगितली, रेकॉर्डिंगची तारीख, सगळं लिहा. आणखी दोन घरांतून ऐका आणि तपशील कुठे फिरतो ते टिपा. शिवाजी विद्यापीठाने छापलेले शाहू पेपर्सचे, म्हणजे महाराजांच्या कागदपत्रांचे, खंडही बघा, पण ती संपादकांनी केलेली निवड आहे हे विसरू नका.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तिमाही तक्त्यांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, हुकुमाचा पहिला परिच्छेदच सगळे उद्धृत करतात. कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र घेऊन सोमवारी कोल्हापूरच्या पुरालेखागारात जाते. तक्ते मोडीत निघाले तर मला अजून सलग वाचता येत नाही. शनिवार-रविवार पानं सोबत बसून वाचणारं कोणी कोल्हापुरात आहे का?